नोकरी सोडून गोष्टी सांगायच्या आहेत? चाळिशी-पन्नाशीतल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यक्रम झाला की दोन-तीन दिवसांत फोन येतात. बहुतेक पंचेचाळीस ते पंचावन्न वयाच्या मंडळींचे. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी आयटीत, कुणी मुलं परगावी गेल्यावर मोकळ्या झालेल्या गृहिणी. सगळ्यांना कथाकथन पूर्ण वेळ करायचं असतं आणि प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. मी स्वतः बँकेतून इकडे आले. त्यामुळे उत्तरांत हिशेब जरा जास्त दिसेल, तो गोड मानून घ्या.

कथाकथनावर घर चालतं का?

नुसत्या रंगमंचावरच्या कथाकथनावर फार थोड्यांचं चालतं. आपल्याकडे कथाकथनाचं नाव काढलं की डोळ्यांसमोर येतात ते व. पु. काळे, किंवा शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे त्रिकूट. गावोगाव मैदानं भरवणारी ही माणसं. पण वपु मुंबई महापालिकेत वास्तुविशारद होते, मिरासदार पुण्यात मराठीचे प्राध्यापक होते, माडगूळकर पुणे आकाशवाणीवर होते. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्याने उभं करणारे लक्ष्मण देशपांडे मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. म्हणजे ज्यांच्याकडे बघून आपल्याला हे करावंसं वाटतं, त्यांची चूल बहुतांशी पगारावर पेटत होती.

गोष्टी सांगूनच पोट भरायचं, अशी पूर्ण वेळची परंपरा आपल्याकडे आहे, पण ती कीर्तनकारांची, गोंधळ्यांची, कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रं दाखवत कथा गाणाऱ्या चित्रकथींची. तिथे वर्षाचं चक्र, यजमान आणि बिदागी हे सगळं बांधलेलं असे. आजचा कथाकथनकार ते चक्र स्वतः बांधतो. त्यात शाळांतले तास असतात, शिक्षकांच्या कार्यशाळा, उन्हाळी शिबिरं, ग्रंथालयांचे उपक्रम, ज्येष्ठ नागरिक संघ, कंपन्यांतले कार्यक्रम, ध्वनिपुस्तकांचं वाचन आणि अधूनमधून सूत्रसंचालन. टाळ्या रंगमंचावर मिळतात आणि वीजबिल शाळांतल्या तासांवर भरलं जातं. हे ज्यांना चालेल त्यांचं घर चालतं.

या वयात सुरुवात करणं उशिराचं नाही का?

नाही. पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर आणली ती 1961 साली, म्हणजे चाळिशी उलटल्यावर. अर्थात ते पुलं होते आणि त्याआधी नाटक, सिनेमा, रेडिओ सगळं करून बसले होते, त्यामुळे हा दाखला फार ताणू नका. खरा मुद्दा वेगळा आहे. पंचविशीतला मुलगा सासऱ्याचं पात्र उभं करतो तेव्हा तो नक्कल करत असतो. तुम्ही सासरे पाहिलेत, काहींना सोसलंय, एखाद्याला रुग्णालयातून घरी आणलंय. ते आवाजात उतरतं, वेगळं काही करावं लागत नाही.

उशीर होतो तो दुसऱ्याच गोष्टीला: ओळखी. तिशीतला माणूस दहा वर्षं फुकट हिंडून आयोजकांच्या वहीत नाव लावतो. तुमच्याकडे तेवढी वर्षं नाहीत. त्याऐवजी जुन्या नोकरीतल्या ओळखी आहेत, त्या वापरायला लाजू नका. निवृत्त सहकाऱ्यांचे संघ, मुलांच्या जुन्या शाळा, सोसायटीचा गणपती इथूनच सुरुवात होते.

मग राजीनामा कधी द्यावा?

आधी एक पूर्ण वर्ष शनिवार-रविवार करून बघा. पूर्ण वर्ष, कारण या कामाचे महिने सारखे नसतात, त्याबद्दल खाली लिहिलंय. वर्षाच्या शेवटी वहीत तीन आकडे हवेत: किती कार्यक्रम झाले, त्यातले किती दुसऱ्यांदा बोलावणाऱ्यांचे, आणि प्रवासखर्च वजा जाता हातात काय उरलं. दुसरा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. पहिल्यांदा ओळखीवर बोलावतात, दुसऱ्यांदा कामावर.

राजीनाम्याआधी दोन कागद बघा. पहिला आरोग्यविम्याचा. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घ्यायची सोय असते, पण अर्ज नोकरीत असतानाच करून ठेवा. पन्नाशीत, मधुमेह असताना नवी पॉलिसी शोधत फिरण्यापेक्षा हे हजार पटींनी बरं. दुसरा भविष्यनिर्वाह निधीचा. त्यातल्या निवृत्तिवेतन योजनेला किमान 10 वर्षांची सेवा लागते. पूर्ण पेन्शन 58 व्या वर्षी मिळते. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण जितकी वर्षं आधी, तितकी दरवर्षी 4 टक्के कमी. नऊ वर्षं काही महिने सेवा झालेली असेल तर उरलेले महिने मुकाट काढा.

सरकारी नोकरीत असाल तर सेवेत असताना मानधन घेण्याआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. अधूनमधूनच्या साहित्यिक-कलाविषयक कामाला नियमांत जागा आहे, नियमित कमाईचा धंदा वेगळा धरला जातो. तोंडी ‘करा हो, काही हरकत नाही’ यावर विसंबू नका. साहेब बदलतात.

किती मानधन मागू? मागायची लाज वाटते.

सगळ्यांत जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात, म्हणून इथे जरा थांबू.

आयोजकाचा फोन साधारण असा असतो. ‘ताई, कोजागरीला तुमचा कार्यक्रम ठेवायचाय. आमचे लोक फार दर्दी आहेत.’ दर्दी हा शब्द आला की पैशाचा विषय टळणार हे ओळखावं. आपण विचारायचं, ‘मानधनाचं काय ठरवलंय?’ पलीकडे एक खोकला. ‘त्याचं काय आहे, आमची संस्था लहान. पण सत्कार चांगला करू. शाल, श्रीफळ, आणि मसाला दूध तर आहेच.’ आता याच कार्यक्रमात मांडववाल्याचे पैसे ठरलेले असतात, साऊंडवाल्याचे ठरलेले असतात, दुधाचे तर आगाऊ दिलेले असतात. साऊंडवाल्याला कुणी शाल पांघरून वाटेला लावत नाही.

त्यात आयोजकाची लबाडी असतेच असं नाही. आपल्याकडे बोलण्याला ‘सेवा’ मानायची सवय जुनी आहे आणि लेखक-व्याख्याते पगारदार असल्यामुळे ती चालूनही गेली. त्यांना शाल पुरत असे. तुम्हाला पुरणार नाही, हे तुम्हीच सांगायचं आहे आणि पहिल्याच फोनवर. मी म्हणते, ‘माझं मानधन इतकं, शिवाय जाण्यायेण्याचा खर्च. शाल-श्रीफळ ठेवू नका, ते पैसे त्यातच धरा.’ एवढं बोलून गप्प बसायचं. पुढचं वाक्य आपण बोललो की आकडा खाली येतो.

आकडा कसा काढायचा? मिनिटांवर नव्हे, दिवसावर. पंचेचाळीस मिनिटांच्या कार्यक्रमासाठी दुपारी दोनला घर सोडावं लागतं. पाचचा कार्यक्रम पावणेसहाला सुरू होतो, प्रमुख पाहुणे वाहतुकीत असतात, प्रास्ताविक करणाऱ्याला संस्थेचा इतिहास सांगायचा असतो, घरी यायला रात्रीचे दहा. तो दिवस गेला. आता उदाहरणादाखल: घराला महिना 40,000 लागतात आणि एका दिवसाचे खर्च वजा जाता 5,000 उरतात असं धरलं, तर महिन्याला 8 कार्यक्रम, वर्षाला 96. कोरडे तीन महिने काढून टाकले की उरलेल्या नऊ महिन्यांत महिन्याला जवळपास 11. तुमचे आकडे घालून हाच हिशेब करा. 11 कार्यक्रम मिळणार नसतील तर एक तर मानधन वाढवा किंवा नियमित तासांचं काम जोडा. तिसरा मार्ग खर्च कमी करण्याचा, तो घरच्यांना विचारून.

फुकट कार्यक्रम करूच नयेत असं मी म्हणत नाही. अनाथाश्रम, रुग्णालयातला मुलांचा कक्ष, आपल्या गावचं वाचनालय, तिथे जरूर जा. पण वर्षाला किती ते आपण आधीच ठरवा. आणि फुकट केला तरी बिल पाठवा: मानधन इतकं, सवलत तितकीच, देय शून्य. पुढच्या वर्षी समितीवर नवे लोक येतात तेव्हा कागदावर आकडा दिसतो.

ठरलेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा: तारीख, वेळ, रक्कम, कधी देणार, रद्द झालं तर काय. एका संस्थेने माझा चेक ‘खजिनदार काशीयात्रेला गेलेत’ म्हणून कितीतरी आठवडे लांबवला होता. तेव्हापासून निम्मी रक्कम आगाऊ घेते.

वर्षभर काम असतं का?

असतं, पण लाटांनी. जानेवारी गच्च असतो: 3 तारखेला सावित्रीबाई जयंती, शाळांची स्नेहसंमेलनं, 14 ते 28 मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. हळदीकुंकवाला कुणी कथाकथनकार बोलावत असेल असं पुष्कळांच्या डोक्यातही येत नाही, पण सोसायट्यांतून हल्ली बोलावतात आणि श्रोतृवर्ग उत्तम असतो. मग 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी पाच ठिकाणांहून विचारणा होते आणि एकच घेता येतं, तेव्हा बाकीच्यांना ‘आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा’ असं सुचवायला शिका. 8 मार्चनंतर परीक्षा, शाळा बंद. एप्रिल-मे शिबिरांचा. जून-जुलै कोरडा. श्रावणात थोडी जाग, गणपती-नवरात्रात धावपळ, मधला पितृपंधरवडा रिकामा. कोजागरी, 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, दिवाळी, मग 24 डिसेंबरला साने गुरुजी जयंती.

कोरड्या महिन्यांत नवी कथा बसवायची आणि शाळांना पत्रं लिहायची. शाळा वर्षाचं नियोजन जूनमध्ये करतात. डिसेंबरात विचारलंत तर ‘पुढच्या वर्षी बघू’ हेच ऐकाल. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कथा सांगून शिकवण्याचा उल्लेख आहे आणि सहावी ते आठवीसाठी दप्तराविना 10 दिवसांची कल्पनाही आहे, ज्यात स्थानिक कलावंतांकडून शिकणं अपेक्षित आहे. पत्रात हे दोन मुद्दे घाला. मुख्याध्यापकांना वर दाखवायला कारण लागतं.

प्रसिद्ध लेखकांच्या कथा सांगता येतील का? सगळेच सांगतात.

सगळे सांगतात म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, आणि ती 60 वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी गेले 1950 मध्ये, म्हणून त्यांचं लेखन 2011 पासून मोकळं आहे. चिं. वि. जोशी 1963 मध्ये गेले, म्हणजे चिमणराव-गुंड्याभाऊ 2024 पासून मोकळे झाले. विनोदी कथा शोधणाऱ्यांसाठी ही मोठीच सोय आहे आणि अजून फार थोड्यांच्या लक्षात आली आहे. उलट शंकर पाटील 1994 मध्ये गेले, वपु आणि माडगूळकर 2001 मध्ये, मिरासदार 2021 मध्ये. हिशेब तुम्हीच करा.

प्रकाशित पुस्तकातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला कायद्याची मुभा आहे. हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांसमोर सादर केलं तर त्यालाही सूट आहे. पण तुम्ही व्यवसाय म्हणून मानधन घेऊन आख्खी कथा सांगता तेव्हा या सवलतींचा आधार घेऊ नका. प्रकाशकाला किंवा वारसांना पत्र लिहा: कोणती कथा, कुठे, तिकीट आहे का, ध्वनिमुद्रण होणार का. पुष्कळदा आनंदाने परवानगी देतात, लेखकाचं नाव ठळक घ्या एवढीच अट असते. हयात, नव्या लेखकांकडे तर आवर्जून जा. त्यांनाही वाचक हवे असतात.

आणि कुणाची परवानगी लागत नाही असं कोठार आपल्या उशाशी आहे. पंचतंत्र, कथासरित्सागर, जातककथा, श्रावणातल्या कहाण्या, आजीच्या तोंडच्या लोककथा. चिमणी-कावळ्याच्या मेणाच्या-शेणाच्या घराची गोष्ट तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त येते, चक्रधरांच्या तोंडी. इतकी जुनी गोष्ट आजच्या बालवाडीत तशीच चालते. फक्त एक सांभाळा: लोककथा कुणाची नसते, पण एखाद्या संकलकाने किंवा अनुवादकाने केलेली तिची मांडणी त्याची असते. गोष्ट घ्या, वाक्यं आपली घाला.

अभिवाचन, कथाकथन, एकपात्री: मी यातलं काय करू?

कागद हातात असेल तर अभिवाचन, नसेल तर कथाकथन, आणि वेश, हालचाली, प्रकाशयोजना आली की एकपात्री. एकपात्री नाट्यगृहात तिकीट लावून करायचा असेल तर संहिता परवानगीसाठी सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, तो वेळ धरा. सुरुवात अभिवाचनाने करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पण त्यात अडकू नका. कागद आहे तोवर श्रोता लेखकाचं ऐकतो. कागद गेला की तुमचं ऐकायला लागतो.

पाठांतर होत नाही. वयामुळे विसरायला होतं.

पाठ करूच नका. पाठ केलेली कथा एक शब्द निसटला की कोसळते, आणि नाही निसटला तरी निवेदन रेल्वे स्थानकावरच्या घोषणेसारखं वाजतं. कथेची ठाणी ठरवा, सहा किंवा सात. म्हातारी निघाली, वाटेत वाघ भेटला, लांडगा भेटला, लेकीकडे पोचली, भोपळ्यात बसली, परत वाघ, घरी आली. दोन ठाण्यांमधला रस्ता दर वेळी वेगळा झाला तरी चालतो, किंबहुना व्हावाच. शब्दशः पाठ असाव्यात तीनच गोष्टी: पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य आणि पात्रांचे ठरीव बोल.

ठरीव बोल का? ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठलठ्ठ होईन, मग मला खा.’ हे दुसऱ्यांदा आलं की मुलं तुमच्याबरोबर म्हणतात, तिसऱ्यांदा तुम्ही गप्प बसलात तरी म्हणतात. तेवढ्या वेळात तुम्हाला श्वास घेता येतो आणि पुढचं ठाणं आठवतं. कीर्तनकार हेच करतात. निरूपण रंगात आलं की ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर होतो, लोक टाळ्या धरतात, बुवा पाण्याचा घोट घेतात आणि पुढचा अभंग मनात लावून घेतात. नारदीय कीर्तन एकदा याच नजरेने बघा. पूर्वरंगात विचार मांडायचा, मध्ये नामस्मरण, उत्तररंगात तोच विचार आख्यानातून उभा करायचा. लोकांना तास-दीड तास धरून ठेवण्याची इतकी पक्की रचना दुसरी नाही.

कहाण्यांची सुरुवात बघा: ‘आटपाट नगर होतं.’ तीन शब्दांत ऐकणारा घरातून उठून त्या नगरात जातो. नवे कथाकथनकार इथे दोन मिनिटं हवामान सांगतात.

सराव माणसांसमोर करा. आरशासमोर केला की आपण स्वतःचे हातवारे बघत बसतो. कथा माहीत नसलेला एक माणूस समोर बसवा. तो कुठे मोबाईलकडे बघतो ते लक्षात ठेवा, तिथे कात्री लावा. वेळेचा अंदाज हवा तर 1500 शब्दांची कथा निवांत सांगायला बारा ते पंधरा मिनिटं लागतात.

शिकायचं कुठे?

मराठीत पदवी असं काही नाही आणि आयोजक ती विचारतही नाहीत. बेंगळुरूची ‘कथालय’ ही गीता रामानुजम यांची संस्था 1998 पासून काम करते आणि तिथे कथाकथनाचे अभ्यासक्रम चालतात. पद्धत शिकायला चांगली, भाषा तुमची तुम्ही आणायची. मुंबईत दादरला अखिल भारतीय कीर्तन संस्था आहे, तिथे कीर्तन शिकता येतं. कीर्तनकार व्हायचं नसलं तरी वर्ग करावा असं माझं मत आहे. मुलांसाठी काम करायचं तर साने गुरुजी कथामालेच्या जवळच्या शाखेत जाऊन बसा. प्रकाशभाई मोहाडीकरांनी सुरू केलेली ही चळवळ पन्नासच्या दशकापासून चालू आहे आणि नवख्याला पहिली संधी देण्यात तिचा हात सैल आहे.

कधी कुडाळला गेलात तर पिंगुळी चुकवू नका. तिथले ठाकर समाजातले कलावंत चित्रांच्या पोथ्या समोर धरून रामायण-महाभारतातल्या कथा गातात. परशुराम गंगावणे यांना याच परंपरेसाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. एक चित्र किती वेळ धरायचं आणि कधी उलटायचं, हे बघताना कथेतल्या विरामाबद्दल जे कळतं ते कार्यशाळेत कळत नाही.

श्रोते लक्ष देत नाहीत तेव्हा काय करायचं?

आधी बघा, चूक तुमची आहे की मांडणीची. ज्येष्ठ नागरिक संघात चार वाजता चहा येतो. किटली घेतलेला पोरगा दाराशी दिसला की पहिल्या रांगेतल्या आजोबांची नजर कथेतून उठून तिकडे जाते, मग कागदी कपांची चळत, मग ‘बिनसाखरेचा कुठला?’ या गदारोळात नायिका मरत असली तरी मरू दे म्हणतात. म्हणून गेल्या गेल्या सचिवांना विचारायचं, चहा कधी? आणि पहिली कथा त्याच्या पाच मिनिटं आधी संपवायची. किटली लवकर आलीच तर कथेत दाराची कडी वाजते अशा उत्सुकतेच्या जागी थांबा आणि ‘दारात कोण आहे ते चहानंतर’ असं सांगा. मंडळी पटकन पितात.

शाळेत वेगळा प्रकार. तीनशे मुलं मैदानात सतरंज्यांवर, मागे खेळाचे सर शिट्टी घेऊन, आणि तुमच्या आधी दहा मिनिटं ‘आवाज नको, आवाज नको’. घाबरलेली मुलं गोष्ट ऐकत नाहीत, ती सरांकडे बघत बसतात. शक्यतो वर्गात, साठ-सत्तर मुलांचा गट मागा. पहिली-दुसरी वेगळी, पाचवी ते सातवी वेगळी. लहानांना वीस मिनिटं पुष्कळ, मोठ्यांना चाळीस. आणि सरांना आदराने पहिल्या रांगेत खुर्ची द्या. शिट्टी आपोआप खिशात जाते.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मराठी गोष्ट कळते का?

कळते. माजघर, उखळ, जातं हे शब्द अडतात, पण म्हणून मध्येच इंग्रजीत भाषांतर करू नका, कथा तिथेच तुटते. पात्राकडूनच उलगडा: ‘ती माजघरात लपली, घराच्या अगदी मधल्या खोलीत, जिथे दुपारीही दिवा लावावा लागे.’ झालं.

माझी भाषा गावाकडची आहे. प्रमाण मराठी बोलावी का?

तुमची वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, कोल्हापुरी जी असेल ती हेच भांडवल आहे. निवेदन साध्या मराठीत आणि पात्रं आपल्या बोलीत, ही जुनी वाट अजून चांगली चालते. एक मात्र कळकळीने सांगते: दुसऱ्याची बोली हशा काढण्यासाठी उसनी आणू नका. घरकाम करणारी बाई आणि रखवालदार आले की आवाज बदलून खेडवळ करायचा, ही सवय आपल्या मंचांवर फार बोकाळली आहे. श्रोत्यांत त्या गावचा माणूस असतोच, आणि तो हसत नसतो.

आवाज टिकवायला काय करावं?

खोकून घसा साफ करू नका, पाण्याचा घोट घ्या. कार्यक्रमाच्या दिवशी फोनवर गप्पा कमी. ओरडायची पात्रं ओठांनी आणि चेहऱ्याने ओरडतात, घशाने नव्हे. घोगरेपणा दोन-तीन आठवडे हटला नाही तर काढे-मध करत बसण्यापेक्षा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. शिक्षिकांना हा त्रास जास्त दिसतो, कारण त्यांचा आवाज नोकरीतच अर्धा वापरून झालेला असतो.

माईक स्वतःचा घ्यावा का?

घ्यावा, कानामागून येणारा. हात मोकळे राहतात आणि आयोजकाच्या माईकची लॉटरी टळते. तोंडासमोर सरळ न धरता गालाकडे थोडा तिरका ठेवा, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ला फुसफुस येत नाही. सुटे सेल स्वतःजवळ ठेवा.

कार्यक्रमाचं चित्रीकरण करून लोक यूट्यूबवर टाकतात. चालतं का?

तुमच्या संमतीशिवाय नाही. कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्यालाही स्वतंत्र हक्क दिलाय. त्या व्याख्येत नट-गायकांबरोबर कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि व्याख्याताही आहे. आपण गारुड्याच्या शेजारी कुठेतरी बसतो आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. पाच मिनिटांची झलक टाकायला द्या, तीच तुमची जाहिरात. पूर्ण कार्यक्रम चढला की पुढच्या मंडळाने तो आधीच ऐकलेला असतो.

ध्वनिपुस्तकांचं काम घेताना करार पूर्ण वाचा. रक्कम एकरकमी की तासावर, चुका सुधारण्याचे तास कुणाच्या खात्यात, आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे तुमच्या आवाजाचे नमुने वापरून यंत्राकडून कृत्रिम आवाज घडवण्याचा हक्क त्यांनी मागितलाय का. मागितला असेल तर ते कलम खोडायला सांगा. नाही खोडलं तर काम सोडा. आवाज एकदाच विकला जातो.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचे कार्यक्रम मिळतात का?

मिळतात, बहुधा गणपती आणि दिवाळीच्या सुमारास, आणि आता बरेचसे ऑनलाइन. प्रत्यक्ष जायचं तर लक्षात ठेवा, मुलीकडे पर्यटक व्हिसावर अमेरिकेला गेलात तर तिथे मानधन घेऊन कार्यक्रम करता येत नाही. ‘लिफाफाच तर आहे’ असं म्हणणारे व्हिसा कचेरीत तुमच्याबरोबर येणार नाहीत.

कर, पावत्या वगैरे?

स्वतंत्र बँक खातं उघडा. संस्था टीडीएस कापून पैसे देतात, तो विवरणपत्रात दाखवायला विसरू नका. जीएसटी नोंदणी सेवांसाठी वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीनंतर सक्तीची होते, तेव्हा ती चिंता सध्या नको. प्रवास, माईक, पुस्तकं यांच्या पावत्या एका पाकिटात टाकत जा आणि मार्चमध्ये सनदी लेखापालाकडे द्या.

कपडे काय घालू?

ज्यात खाली मांडी घालून बसता येईल आणि उठता येईल ते. बांगड्या वाजणाऱ्या नकोत, माईक त्या टिपतो. गर्द रंगाची साडी किंवा कुर्ता चालेल, फक्त मागचा पडदा कोणत्या रंगाचा आहे ते आयोजकाला आधी विचारा. मरून साडी आणि मरून पडदा असला की शेवटच्या रांगेला नुसतं बोलणारं डोकं दिसतं.